ढब्याचं नाक आणि केरबाचं डोकं

गिरणीत माझा नंबर यायचा होता, म्हणून मी पायरीवर टेकले होते. आत अनसूया कुणाला तरी सांगत होती, "केरबाच्या ढब्यानं चोरीचा बंब हुडकून काढला. आन् बबननं स्वतः तो बंब डोक्यावर घेतला, आन्..."

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं जोंधळ्याबरोबर दळून निघालं. अनसूयेचे हात हलत होते, ओठ हलत होते, समोरच्या बाईनं तोंडाला पदर लावला होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मी दळण तिथंच ठेवलं आणि हौसाबाईकडं सुटले. अशी बातमी गार होऊ द्यायची नसते. पण हौसाबाईपर्यंत पोचायच्या आधी केरबा कोण ते तुम्हाला सांगायला हवं, नाही तर एवढं पळायला काय झालं होतं असं वाटेल.

आमच्या हिवरवाडीत एक भोळा गडी आहे. गोष्टीतले भोळे 'होते' असतात. आमचा अजून आहे, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्याचं नाव केरबा. हौसाबाई त्याची बायको. लेक लग्न होऊन कागलला गेली, तेव्हापासून घरात तिसरा जीव म्हणजे ढब्या.

ढब्या म्हणजे कुत्रा. तांबडा, जाड, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याला काम काही नव्हतं. दिवसभर बसून कंटाळायचा आणि कंटाळला की हौसाबाईच्या चपला खायचा. चपला संपल्या तेव्हा त्यानं केरसुणी खाल्ली. हौसाबाई म्हणाली, हे कुत्रं माझ्या भावाच्या मळ्यावर पाठवा, तिथं उसात रानडुकरं हाकलील. केरबाच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या भाकरीचा पापुद्रा तो ढब्याला देतो आणि जाड बाजू स्वतः खातो. असा माणूस कुत्रं मळ्यावर कसं पाठवील?

तालुक्याला घोरपडे म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, जनावरांच्या. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात त्या घरच्या कुत्र्यांना वासाचे खेळ शिकवतात. त्यांचं म्हणणं असं की कुत्र्याचं नाक हेच त्याचं डोकं. थोडा वेळ नाकाला काम दिलं की कुत्रं दमतं, खूश होतं आणि चपला खात नाही. केरबानं हे ऐकलं आणि रविवारी धुतलेलं धोतर नेसून ढब्याला वडापात बसवलं. कुत्र्यासाठी जीपमध्ये वेगळी जागा धरणारा माणूस आमच्या गावानं पहिल्यांदाच बघितला.

आता केरबाचा एक गुण मानायला हवा. सांगितलेलं तो विसरत नाही. कुणासाठी सांगितलं, तेवढंच विसरतो.

पहिल्या रविवारी बाईंनी वाट्यांचा खेळ शिकवला. वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली बिस्किट ठेवायचं. कुठं आहे ते सांगायचं नाही. त्याचं त्यानं नाकानं शोधायचं, आणि सापडलं की पाठ थोपटायची. बाई म्हणाल्या, "काका, हुडकून मिळालेलं त्याला जास्त गोड लागतं."

केरबा म्हणाला, "तसंच करतो."

आणि त्यानं तसंच केलं.

तो अधिक महिना होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवून जेवू घालतात, पुरण भरलेले धोंडे वाढतात, हे तुम्हाला माहीत आहे. जावई जयसिंगराव कागलहून आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, पाटावर बसले. हौसाबाई मागं चुलीशी तळत होती आणि वाढायचं काम केरबाकडं होतं. जयसिंगरावांच्या पुढं ताट आलं. ताटात काही नव्हतं.

मला कुणाच्या घरात डोकवायची सवय नाही. पण आमची खिडकी त्यांच्या सोप्याकडंच उघडते, त्याला मी काय करणार?

जयसिंगराव भला माणूस. त्यांनी ताट जरा उचलून त्याच्या खाली बघितलं. मग हळूच म्हणाले, "मामा, जेवण?"

"हाय की घरातच," केरबा म्हणाला. "हुडका."

जावई हसले. त्यांना वाटलं सासऱ्यानं थट्टा केली. केरबा हसला नाही. मग जावई उठले, शिंकाळ्यात बघितलं, जात्याच्या पाळीत बघितलं. कणगीचं झाकण उचलायला गेले तर केरबा म्हणाला, "हात लावायचा न्हाई, जावईबापू. नाकानं."

शेवटी वळकटीत एक धोंडा सापडला, गोधडीच्या घडीत. केरबानं धावत जाऊन जावयाची पाठ थोपटली, म्हणाला शाब्बास माझा वाघ, आणि वर एक बिस्किट दिलं. जावयानं बिस्किट घेतलं नाही. वाण म्हणून द्यायचं चांदीचं निरांजन पण घेतलं नाही. लेकीचा फोन नंतर कितीतरी दिवस आला नाही. उरलेले धोंडे ढब्यानं शोधले, एकही न चुकता, आणि त्याची पाठ कुणी थोपटली नाही.

पुढच्या रविवारी केरबानं हे सगळं बाईंना सांगितलं. बाईंनी म्हणे बराच वेळ रुमाल तोंडाला लावून ठेवला होता. मग त्या म्हणाल्या, काका, खेळ कुत्र्याचा आहे, माणसाचा नाही. आणि कुत्र्यालासुद्धा पहिल्याच दिवशी एवढं अवघड द्यायचं नाही. सुरुवातीला त्याच्या डोळ्यांदेखत ठेवायचं. त्याला जवळ बोलवायचं, बोटानं दाखवायचं, बघ, इथं ठेवलंय. म्हणजे त्याची खात्री पटते.

"असं व्हय," केरबा म्हणाला. "तसंच करतो."

त्या आठवड्यात हौसाबाईच्या माहेरी कार्य होतं. दोघं मुक्कामाला निघाली. ढब्याला माझ्याकडं बांधलं. हौसाबाईला घोर एकाच वस्तूचा होता, तो म्हणजे बंब. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब, तिच्या आईनं लग्नात दिलेला. दर सणाला ती चिंच लावून घासते आणि घासताना आईशी बोलावं तसं त्याच्याशी बोलते. ती म्हणाली, बंब आतल्या खोलीत ठेवा, कुलूप घाला आणि किल्ली नीट जपून ठेवा.

केरबानं बंब आत ठेवला. कुलूप घातलं. किल्ली घेऊन अंगणात आला आणि इकडंतिकडं बघायला लागला. त्याला कुणीतरी बघणारं हवं होतं. रस्त्यानं बबन चालला होता.

बबन म्हणजे गावात काहीही हरवलं की सगळे आधी ज्याच्या घराकडं बघतात तो. सापडत कधीच काही नाही. पण बघतात.

केरबानं त्याला हाक मारून अंगणात घेतलं. बोटानं दाखवलं. म्हणाला, "हे बघ, किल्ली हितं ठेवतोय. तुळशीच्या मागं, विटंखाली. दिसली?"

"दिसली," बबन म्हणाला. "निवांत जावा."

"खात्री पटली?"

बबन म्हणाला, पटली. त्याच्या आयुष्यात इतक्या आदरानं त्याला कुणी काही विचारलं नसेल.

दोघं परत आली तेव्हा कुलूप जागेवर होतं. किल्ली विटेखाली होती. वीट सरळ ठेवलेली होती. बबन नीटनेटका माणूस आहे. फक्त आत बंब नव्हता. परसात वाळत घातलेलं बंबाचं झाकण तेवढं मागं राहिलं होतं.

गाव बबनच्या घरात बघून आलं. नेहमीप्रमाणं काही सापडलं नाही. बबननं स्वतः सगळ्यांना कोपरे दाखवले. कुणालाच काही सिद्ध करता येईना.

हौसाबाई ओरडली नाही. ती झाकण मांडीवर घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत ते पुसत राहिली. मग तिनं निकाल दिला. भाऊ पुढच्या महिन्यात ऊस लावायला बेणं घेऊन इकडून जाणार होता, टेम्पोनं. तिनं केरबाला सांगितलं, "त्या दिवसापातूर बंब हुडकला तर कुत्रं ऱ्हाईल. न्हाई तर टेम्पोत घालीन. ह्याच्या नाकापायी माझ्या आईची वस्तू गेली."

खरं तर ढब्याच्या नाकाचा ह्यात काही दोष नव्हता. पण त्या वेळी तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही.

केरबाचं जेवण तुटलं. भाकरीच्या दोन्ही बाजू ढब्याकडं जायला लागल्या.

रविवारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, झाकण राहिलंय ना, मग आशा आहे. झाकणाचा वास कुत्र्याला द्यायचा, तो वास जिथं असेल तिथं जाऊन बसायला शिकवायचं. पण त्या झाकणाला आता हात लावू नका. चिमट्यानं धरा, स्वच्छ कापडात ठेवा. तुमच्या हाताचा वास त्याला लागला की बिचारं गोंधळून जातं.

"तसंच करतो," केरबा म्हणाला.

त्याच बुधवारी माझ्या नातीचं बारसं होतं. घर बायकांनी भरलेलं, पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. हौसाबाई आली तशी केरबाही आला. मीच म्हटलं, केरबा भावजी, घ्या की जरा पोरीला, आशीर्वाद द्या. केरबा आनंदला. मग एकदम थबकला आणि माझ्या स्वयंपाकघरात गेला. बाहेर आला तो हातात सांडशी घेऊन. सांडशीच्या दोन्ही टोकांना त्यानं धुतलेली फडकी गुंडाळली होती. माणूस मायेचा आहे, हे मी कधी नाही म्हटलं नाही.

तो पाळण्यावर वाकला.

माझ्या सुनेनं किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. मी सांडशी हिसकली. केरबा कळवळून म्हणाला, "वैनी, लेकराला माझा वास लागाय नको. बिचारं गोंधळून जातंय."

सून मला म्हणाली, आई, तुमचे शेजारी. एवढंच म्हणाली, आणि बारशाच्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. सांडशी मी राखेनं घासून ठेवली. त्या सांडशीनं काही केलं नव्हतं, तरी पण.

तुम्ही म्हणाल, अशा माणसाचं कुत्रं काय शिकणार? पण ढब्या शिकत होता. मी भिंतीवरून रोज बघत होते. केरबा झाकण कडब्यात पुरायचा, ढब्या काढायचा. रचलेल्या शेणींत घालायचा, ढब्या जाऊन समोर बसायचा आणि पडलेला कान उभा करायचा. चपलांकडं त्यानं बघणं सोडलं होतं. शाळेच्या मैदानात दोघं विद्यार्थी जात होते आणि त्यातला एक हुशार होता.

केरबाची चूक एकच व्हायची. झाकण जिथं पुरलंय तिकडं तो डोळे फाडून बघत उभा राहायचा. ढब्या नाक बाजूला ठेवून त्याच्या डोळ्यांच्या रोखानं चालायला लागायचा. बाईंच्या हे पुढच्याच रविवारी ध्यानात आलं. त्यांनी केरबाला बाजूला घेतलं आणि फार नीट समजावलं. तो शेवटचा धडा. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला जागा माहीत असली की खेळ फुकट. वस्तू दुसऱ्याच कुणाकडून तरी लपवून घ्यायची. तुम्ही पाठ करून उभं राहायचं, डोळे मिटून, तो माणूस 'झालं' म्हणेपर्यंत. आणि कुत्र्याला सापडली की तिथल्या तिथं बिस्किट द्यायचं आणि लगेच पुन्हा लपवायला सांगायची. आधीपेक्षा अवघड जागी."

"तसंच करतो," केरबा म्हणाला.

आणि सोमवारी सकाळी मी गिरणीत होते.

आता गिरणीतून निघून मी कुठं पळत होते ते तुम्हाला कळलं. हौसाबाईच्या दारात पोचले तेव्हा भावाचा टेम्पो उभा होता. बेण्याच्या मोळ्यांमध्ये ढब्याला बसायला पोतं अंथरलेलं होतं. हौसाबाई दाराला टेकून उभी होती, कारण नवरा आणि कुत्रा दोघंही पहाटेपासून घरात नव्हते. मी तिला सांगितलं, ढब्यानं बंब हुडकला, बबननं स्वतः डोक्यावर घेतला.

मी न सांगता तिनं पुढचं मनानं जुळवलं, आणि मलाही दुसरं काही सुचलं नव्हतं. चोराला लाज वाटली, चोर स्वतः बंब घेऊन येतोय. तिनं न्हाणी झाडली. बंबाच्या जागेवर पाणी शिंपडलं. हळदकुंकवाचं ताट आणलं. भावाला म्हणाली, "तू जा दादा. कुत्रं द्यायचं न्हाई. माझ्या आईची वस्तू आणलीय त्यानं." असं म्हणताना तिचे डोळे भरले होते. टेम्पो गेला. पोतं तेवढं रस्त्यात टाकून गेला.

आम्ही वाट बघितली. बंब काही येईना. ताटातला दिवा एकदा विझला, तिनं पुन्हा लावला. दुसऱ्यांदा विझला तेव्हा मी म्हटलं, चल, बघून तरी येऊ.

बबनच्या गोठ्यामागं कडब्याची गंजी आहे. गाव त्याच्या घरात बघून आलं होतं, गंजीत कुणी बघितलं नव्हतं. आता तिचा एक कोपरा उपसलेला होता आणि आत बंबाएवढी पोकळी होती. पोकळीसमोर ढब्या बसला होता, एक कान उभा करून, दुसराही उभा करून. तोंडाला बिस्किटाचा चुरा होता. बबनच्या घराला कुलूप होतं.

थोडं पलीकडं कडुनिंबाचं झाड. झाडाकडं तोंड करून, बुंध्याला नाक लावून केरबा उभा होता. डोळे घट्ट मिटलेले. ढब्याची लांब दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली.

"अवो," हौसाबाई म्हणाली, "बंब कुठाय?"

"हळू बोल," केरबा डोळे न उघडता म्हणाला. "ढब्यानं हुडकला. पहिल्याच फेरीत. सरळ येऊन बसला गंजीपुढं, मी कडबा उपसला तर आत बंब." आवाजात एवढा आनंद मी त्याच्या लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

मग काय झालं, ते मी विचारलं. केरबानं सांगितलं. तो बंब बाहेर काढत होता तेवढ्यात बबन आला. बबन आधी पळायच्या बेतात होता. केरबानं त्याला थांबवलं, ढब्याला बिस्किट दिलं, बबनलाही एक दिलं, आणि म्हणाला, बरं झालं आलास, मला दुसऱ्याच माणसाची गरज होती. आता तू लपव. बबनला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्याला वाटलं आपली थट्टा चाललीय. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं विचारलं, किती अवघड जागी? केरबा म्हणाला, तुला जमंल तितक्या. बंब जड होता म्हणून केरबानंच हात देऊन तो त्याच्या डोक्यावर चढवला. चुंबळ नव्हती, तर आपला पटका काढून दिला.

हौसाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी कडब्याकडं बघितलं.

एवढ्यात अनसूया दळण घेऊन घरी जाताना तिथं आली आणि गिरणीत माझं जे हुकलं होतं ते तिनं पुरं केलं. बबन बंब डोक्यावर घेऊन वडापाच्या थांब्यावर गेला होता. खाली चुंबळीला केरबाचा पटका होता. बंब मांडीवर घेऊन तो पुढच्या सीटवर बसला, आणि जीप केव्हाच घाटाखाली गेली होती.

म्हणजे अनसूया खोटं बोलली नव्हती. ढब्यानं बंब हुडकला, हे खरं. बबननं तो डोक्यावर घेतला, हेही खरं. तो हौसाबाईच्या घराकडं निघाला, तेवढंच आम्ही आमच्या पदरचं घातलं होतं.

हौसाबाई रडली नाही आणि भांडलीही नाही. तिनं शब्द दिला होता, बंब हुडकला तर कुत्रं राहील, आणि कुत्र्यानं आपलं काम केलं होतं. ती वाकली. ढब्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पहिल्यांदाच. मग नवऱ्याच्या मनगटाची दोरी सोडून आपल्या हातात घेतली आणि कुत्र्याला घेऊन घरी निघाली. ढब्या दोनदा मागं वळून बघून तिच्याबरोबर गेला.

मी राहिले. कुणीतरी सांगायला हवं होतं ना त्याला. मी जवळ जाऊन म्हटलं, "भावजी, उघडा आता डोळे. बबन गेला."

केरबानं डोळे आणखी घट्ट मिटले.

"मला सांगू नका वैनी, कुठं गेला ते," तो म्हणाला. "अजून झालं म्हणाला न्हाई. लई अवघड जागा हुडकतोय बिचारा."